नववा नंबर

९ एप्रिल २०२४, मंगळवार. गुढीपाडवा

सकाळी साडेसातला मागच्या डेकवर गुढी उभारली. कडुलिंबाची पानं हिनं परवाच शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवरून आणून ठेवली होती. वारा बोचरा होता, पण ऊन स्वच्छ पडलं. काल दुपारी ग्रहणात सूर्य ९४ टक्के झाकला गेला होता आणि सगळ्या अंगणावर शिळ्या उन्हासारखा उजेड पसरला होता. आजचं ऊन त्यामुळे जास्तच चांगलं वाटलं.

शेजारचे आजोबा कुंपणाशी येऊन उभे राहिले. दर पाडव्याला येतात. पोलिश आईबापांचे, शिकागोच्या दक्षिण भागात वाढलेले, सगळी नोकरी रेल्वेत केलेले. वय ७४. गुढीपुढे टोपी काढतात आणि प्रसाद मागून घेतात. आज गूळ-कडुलिंब तोंडात टाकून म्हणाले, "तुमचं वर्ष आज सुरू झालं. आपल्या दोघांचं पंचवीस तारखेला."

पंचवीस तारखेला डेट्रॉइटमध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, ड्राफ्ट. आमच्या शिकागो बेअर्सकडे यंदा पहिला नंबर आहे आणि नववाही. गेले १५ दिवस डोक्यात दुसरं काही नाही. म्हणून ही वही काढली. पंचवीसपर्यंत रोज जमेल तसं लिहायचं, म्हणजे नंतर "मी तेव्हाच म्हणालो होतो" असं खोटं म्हणता येणार नाही.

मुलगा, सून आणि नात जेवायला आली. हिनं नातीसाठी खणाचं परकर-पोलकं काढून ठेवलं होतं. तिनं ते घातलं, आणि वरून आपली निळी जर्सी चढवली. एक नंबर, पाठीवर 'फील्ड्स'. सून म्हणाली, "अगं, आज सण आहे." नात म्हणाली, "म्हणूनच घातली."

१६ मार्चला बेअर्सनी आपल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या जस्टिन फील्ड्सला, पिट्सबर्गला देऊन टाकलं, पुढच्या वर्षीच्या सहाव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात. तीन वर्षांपूर्वी त्याला घेण्यासाठी याच क्लबनं २० नंबरवरून ११ वर उडी मारली होती आणि त्यासाठी पुढच्या वर्षीची पहिली फेरीसुद्धा दिली होती. नात तेव्हा सहा वर्षांची होती. तिला क्वार्टरबॅक म्हणजे फील्ड्स एवढंच ठाऊक. १६ मार्चच्या संध्याकाळी तिनं मला फोनवर विचारलं, "आजोबा, तो अकरावा होता ना? मग सहाव्या फेरीचा कसा झाला?" मी काहीतरी बोललो. ते उत्तर नव्हतं.

१० एप्रिल, बुधवार

कोल्हापूरहून धाकट्या भावाचा फोन. गुढीच्या शुभेच्छा झाल्या, मग त्यानं विचारलं, "दादा, हा तुमचा ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव का?"

म्हटलं, नाही. बोली लागत नाही. ३२ संघ, सात फेऱ्या, यंदा २५७ नावं. गेल्या मोसमात जो सगळ्यात खाली राहिला त्याची पहिली पाळी, जो जिंकला त्याची शेवटची. कॉलेजातून येणाऱ्या पोरांतून एकेकानं उचलायचं. पगारसुद्धा नंबरावरून जवळपास ठरलेला असतो. आपली पाळी दुसऱ्या संघाला देऊन त्याची पाळी घेता येते, खेळाडूही बदल्यात देता येतो. खरा डाव तिथंच आहे.

"आणि पोराला त्या गावाला जायचं नसलं तर?"

"जातं. बहुतेक सगळी जातात."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अवघड आहे बघ. आपल्याकडं पेठ ठरली की तालीम ठरली."

खरं आहे. मी मंगळवार पेठेत जन्मलो, म्हणून फुटबॉलात पाटाकडील तालमीचा. यात निवड कसली? शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वडिलांच्या मांडीवर बसून मी जो फुटबॉल पाहिला त्यात गोल मारणारा पोरगा आमच्याच बोळातून सकाळी दूध घेऊन जाताना दिसायचा. हरला तर रात्री त्याच्या घरी चूल पेटायची नाही, आणि आमच्याही. १९८५च्या ऑगस्टमध्ये मी इथं आलो तेव्हा वाटलं, हे सगळं मागं राहिलं. दुसराच फुटबॉल, हातात धरायचा चेंडू, डोक्याला शिरस्त्राण. पण ते वर्ष बेअर्सचं होतं. २६ जानेवारी १९८६ला त्यांनी न्यू इंग्लंडला ४६–१० हरवलं. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीला मी ऑफिसातल्या लोकांबरोबर शहराच्या मध्यात, लूपमध्ये गेलो. तशी थंडी मी पुढं ३८ वर्षांत क्वचित अनुभवली. कागदाचे तुकडे बर्फासारखे पडत होते आणि अनोळखी माणसं मिठ्या मारत होती. त्या गर्दीत मला पहिल्यांदा या शहरात घरी असल्यासारखं वाटलं. तेव्हापासून ही माझी पेठ.

त्यानंतर एकही विजेतेपद नाही.

१३ एप्रिल, शनिवार

संध्याकाळी शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये बैठक. ही रीत २०१७पासूनची. चार-पाच घडीच्या खुर्च्या, जुना फ्रिज, त्याच्या दारावर १९८६ सालचं पिवळं पडलेलं वर्तमानपत्राचं पान. फ्रिजवर कॉफीचा रिकामा डबा. ज्यानं त्यानं आपल्या पसंतीच्या खेळाडूचं नाव चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं, ड्राफ्ट संपल्यावर उघडायचा.

यंदा पहिल्या नंबरवर चिठ्ठीच नाही. सदर्न कॅलिफोर्नियाचा केलब विल्यम्स येणार हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. वाद नवव्याचा.

हे दोन नंबर कसे आले तेही लिहून ठेवतो. गेल्या वर्षीचा पहिला नंबर आमचाच होता. मार्च २०२३मध्ये मॅनेजर रायन पोल्स यांनी तो कॅरोलायनाला दिला आणि त्या बदल्यात त्यांचा नववा नंबर, ६१वा, २०२४ची पहिली फेरी, २०२५ची दुसरी फेरी आणि वर डी. जे. मूर हा रिसीव्हर एवढं घेतलं. मग कॅरोलायना १७ सामन्यांत दोनच जिंकली आणि त्यांची पहिली फेरी म्हणजे आख्ख्या ड्राफ्टचा पहिला नंबर झाली. नववा आमचा स्वतःचा, सात विजय आणि दहा पराभवांची कमाई. याखेरीज ७५ आणि १२२. बस, चारच.

शेजाऱ्यांचं मत: डॅलस टर्नर, अलाबामाचा, प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकवर धावून जाणारा. त्यांना बचाव हाच धर्म. पोरवयात ते वडिलांबरोबर रिग्ली फील्डवर बसत. बेअर्स तेव्हा तिथं खेळत. १९६५च्या ड्राफ्टमध्ये क्लबनं तिसऱ्या नंबरवर डिक बटकस आणि लगेच चौथ्यावर गेल सेयर्स घेतला. त्या डिसेंबरात चिखलातल्या मैदानावर सेयर्सनं एका सामन्यात सहा टचडाउन केले, तेही यांनी पाहिलं. पण बोलताना डोळे भरतात ते बटकसच्या नावानं. गेल्या ऑक्टोबरात बटकस गेला तेव्हा त्यांनी दारावर काळी फीत लावली होती.

मुलाचं मत: रिसीव्हर. वॉशिंग्टनचा रोम ओडुन्झे मिळाला तर सोनं. "बाबा, नव्या पोराच्या हातात चेंडू देणार, तर तो झेलायला कुणी नको?"

माझं मत मी तीन वर्षं सांगतोय आणि तेच पुन्हा सांगितलं: टॅकल. क्वार्टरबॅकच्या पुढं पाच दांडगे गडी उभे असतात. त्यांची आकडेवारी कुणी पाठ करत नाही, त्यांची जर्सी पोरं मागत नाहीत. ते ढळले की मागचा माणूस जमिनीवर. २०२२मध्ये फील्ड्सला ५५ वेळा आडवा केला. त्याच मोसमात तो स्वतः ११४३ यार्ड पळाला. लोकांनी त्या पळण्याचं कौतुक केलं, पण तो इतका का पळत होता हे विचारलं नाही. आम्ही पोरं आणतो, त्यांच्यापुढं भिंत बांधत नाही, मग पोरगं मोडलं की म्हणतो, निवड चुकली. माझ्या मते निवड चुकत नाही, सांभाळणं चुकतं. जो ऑल्ट नवव्यापर्यंत उरला तर तो, नाहीतर पेन स्टेटचा ओलू फशानू. पोल्स स्वतः बॉस्टन कॉलेजमध्ये याच फळीत खेळलेले आहेत. गेल्या वर्षी पहिल्या फेरीत त्यांनी डार्नेल राइट घेतला. म्हणून आशा आहे.

शेजाऱ्यांनी २०१७ काढलंच. तिसऱ्या नंबरवरून दुसऱ्यावर जाण्यासाठी तीन निवडी दिल्या आणि मिचेल ट्रुबिस्कीला घेतलं. पॅट्रिक महोम्स दहाव्या नंबरवर कॅन्सस सिटीला गेला, आणि आज त्याच्याकडं तीन सुपर बोल आहेत. त्या रात्री याच गॅरेजमध्ये आम्ही दोघं टाळ्या वाजवत होतो. शेजारी म्हणाले, "महोम्स इथं आला असता तर महोम्स झाला असता का, हे मला रात्री छळतं." या क्लबच्या शंभरावर वर्षांत एकाही क्वार्टरबॅकनं एका मोसमात ४००० यार्ड फेकलेले नाहीत. एरिक क्रेमरचे १९९५चे ३८३८ हाच विक्रम. इतक्या वर्षांत आलेली सगळीच पोरं वाईट होती, हे मी मानायला तयार नाही.

नात कोपऱ्यात बसून ऐकत होती. चिठ्ठी टाकायला नाही म्हणाली.

१७ एप्रिल, बुधवार. रामनवमी

दुपारी बाराला लेमाँटच्या राममंदिरात. पाळणा झाला. सुंठवडा घेऊन आलो.

परतताना गाडीत मुलाशी विल्यम्सवर बोलणं. नोव्हेंबरात वॉशिंग्टननं त्याच्या सदर्न कॅलिफोर्नियाला ५२–४२ हरवलं, त्यानंतर तो कठड्यावर चढून आईच्या कुशीत रडला. कॅमेऱ्यानं ते टिपलं. अजून लोक तेच उगाळतात: असा हळवा पोरगा शिकागोच्या थंडीत काय टिकणार? मला हे बोलणं सहन होत नाही. एकवीस वर्षांचा मुलगा, ४२ गुण करून हरलेला, आईपाशी रडला. मी शाहू स्टेडियमवर मिशा फुटलेली माणसं ढसाढसा रडताना पाहिली आहेत आणि त्यांना कुणी हळवं म्हटलं नाही. हरल्यावर ज्याला काहीच होत नाही त्याला मी माझ्या संघात घेणार नाही.

त्या सामन्यात समोर वॉशिंग्टनकडून ओडुन्झे होता. मुलानं ते मुद्दाम सांगितलं.

२० एप्रिल, शनिवार

नातीला घेऊन हाइड पार्कला गेलो. शिकागो विद्यापीठ. तिला म्हटलं, ड्राफ्ट कुठून सुरू झाला ते दाखवतो.

१९३५मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी बाकीच्या मालकांपुढं मांडलं की श्रीमंत आणि जिंकणारे क्लबच चांगली पोरं पळवतात, आम्ही कायमचे तळाशी. तर दुबळ्याला आधी निवडू द्या. बेअर्सचे जॉर्ज हालास तेव्हा बलाढ्यांत मोडत. नव्या नियमानं नुकसान त्यांचंच होतं. तरी ते हो म्हणाले. मला हालास यांच्या विजेतेपदांपेक्षा हा होकार मोठा वाटतो. लीग टिकायची तर समोरचाही उभा राहायला हवा, हे त्यांना कळलं होतं.

८ फेब्रुवारी १९३६ला फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिली निवड झाली. पहिलं नाव जे बरवँगर, याच विद्यापीठाचा. आदल्या वर्षी त्याला जो करंडक मिळाला तोच पुढं हाइझमन म्हणून प्रसिद्ध झाला, तो पहिलाच. रॅटनर क्रीडाकेंद्रात तो ठेवलेला आहे. नातीनं काचेला नाक लावून पाहिला. बरवँगरची मावशी घरात तो दार अडवायला वापरायची, हे सांगितल्यावर तिचे डोळे मोठे झाले. मिशिगनकडून खेळणाऱ्या जेराल्ड फोर्डना त्याला अडवताना डोळ्याखाली लागलं, तो व्रण ते पुढं राष्ट्राध्यक्ष झाले तरी होता, हेही तिला आवडलं.

"मग तो ईगल्सकडून किती खेळला?"

एकही सामना नाही. ईगल्सनी त्याचे हक्क हालास यांना दिले. बरवँगरनं मागितलेले पैसे हालास यांनी दिले नाहीत. तो व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही, धंद्यात गेला.

"त्याला आधी विचारलं होतं का?"

"नाही."

"फील्ड्सला विचारलं होतं?"

मी एवढंच म्हटलं की, नाही बाळा, या खेळात विचारत नाहीत. मग आम्ही एलिस अव्हेन्यूनं चालत गेलो. जिथं बरवँगर खेळला ते जुनं स्टॅग फील्ड आता नाही. विद्यापीठानं १९३९मध्ये मोठा फुटबॉल सोडला. रिकाम्या पडलेल्या प्रेक्षकसज्जाखाली २ डिसेंबर १९४२ला भौतिकशास्त्रज्ञ फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली मानवनिर्मित अणू-साखळी अभिक्रिया घडवली. तिथं आज हेन्री मूर यांचं ब्राँझचं शिल्प आहे आणि मोठं ग्रंथालय. नात शिल्पाला हात लावून उभी राहिली, जर्सी घातलेली. मी फोटो काढला. ज्या जागी हजारो माणसं एका पोराचं नाव ओरडत होती तिथं शनिवारी दुपारी आम्ही दोघं, आणि सायकल लावणारा एक विद्यार्थी.

येताना ती झोपली. मी रेडिओ लावला नाही.

२२ एप्रिल, सोमवार

आज नुसती अफवांची रेलचेल. कुणी म्हणे बेअर्स नववा देऊन मागं सरकतील आणि जास्त नंबर घेतील. कुणी म्हणे पुढं सरकून रिसीव्हर मलिक नेबर्सला उचलतील. चारच निवडी हातात असताना पुढं सरकायला देणार काय? मागं सरकणं शहाणपणाचं आहे. पण मनाला विचारलं तर मला नववा हवाच आहे, तिथं नाव वाचलं जाताना ऐकायचं आहे.

फशानूचे सामने रात्री पुन्हा पाहिले. पाय हलके, हात लांब. माझी चिठ्ठी कायम.

२४ एप्रिल, बुधवार

आज क्लबनं तळ्याकाठी नव्या स्टेडियमचा आराखडा मांडला. ४.७ अब्ज डॉलर, वर छप्पर. शेजाऱ्यांनी ऐकून खुरपं खाली ठेवलं आणि आत गेले. मी त्यांच्या बाजूचा आहे. आताच्या सोल्जर फील्ड स्टेडियमवर तळ्यावरून येणारा वारा हा आमचा बारावा गडी. उद्या बोलू यावर. उद्या म्हणजे पंचवीस नव्हे, त्यानंतर.

२५ एप्रिल, गुरुवार. रात्री साडेबारा

सगळं जसं झालं तसं.

सातला सुरू. गॅरेजमध्ये आम्ही दोघं, मुलगा, सून, ही आणि नात. हिनं कांदाभजी केली होती. डेट्रॉइटच्या चौकात माणसांचा समुद्र. पहिल्याच दिवशी पावणेतीन लाख म्हणे. पहिल्या फेरीत प्रत्येक संघाला दहा मिनिटं मिळतात, बेअर्सना दहाची गरज नव्हती. केलब विल्यम्स. मुलगा उठून उभा राहिला, शेजाऱ्यांनी टोपी काढली. मी नातीकडं पाहिलं. ती टीव्हीकडं पाहत होती आणि विल्यम्स आईला मिठी मारत होता. ती हळूच म्हणाली, "तो आता रडत नाहीये."

दुसरा जेडन डॅनियल्स, वॉशिंग्टनला. तिसरा ड्रेक मे, न्यू इंग्लंडला. चौथा मार्विन हॅरिसन ज्युनियर, ॲरिझोनाला. पाचव्यावर माझं काळीज धडधडू लागलं, आणि चार्जर्सनी जो ऑल्टला नेलं. त्यांचे कोच जिम हार्बो; १९८७मध्ये बेअर्सनीच पहिल्या फेरीत घेतलेला क्वार्टरबॅक. त्यानं स्वतः मार खाल्लेला आहे, त्याला भिंतीची किंमत कळली. सहावा नेबर्स. सातव्यावर टेनेसीनं जे. सी. लेथम घेतला, तोही टॅकल. मग आठवा: अटलांटा. सगळ्यांना वाटत होतं बचावाचा गडी. त्यांनी मायकल पेनिक्स ज्युनियर घेतला. महिन्याभरापूर्वी ज्यांनी कर्क कझिन्सला आणलं, त्यांनी पुन्हा क्वार्टरबॅक! शेजारी ओरडलेच. टर्नर उरला होता, फशानू उरला होता, ओडुन्झे उरला होता. तिघांच्या चिठ्ठ्या डब्यात जिवंत.

ती मिनिटं मी विसरणार नाही. कुणी भजी खाईना. शेजारी रोझरी हातात घेऊन बसले होते. माझ्या मनात ओठ न हलवता एकच: फशानू, फशानू.

रोम ओडुन्झे.

मुलानं मला उचललं, अक्षरशः. मला वाईट वाटलं का? क्षणभर वाटलं. फशानू अकराव्या नंबरवर न्यूयॉर्कला गेला तेव्हा पुन्हा वाटलं. पण मग ओडुन्झेची ती इंडियानापोलिसची गोष्ट आठवली. मार्चच्या चाचण्यांत सगळे खेळाडू मैदानातून निघून गेले होते, दिवे तेवढे चालू होते, आणि हा एकटा तीन शंकूंमधून वळण्याची कवायत पुन्हा पुन्हा करत होता, मनासारखी वेळ लागेना म्हणून. आधी वाचलं तेव्हा मी ते नजरेआड केलं, कारण मला टॅकल हवा होता. असा पोरगा नव्या क्वार्टरबॅकच्या शेजारी असणं हीही एक भिंतच आहे. हे मी आता लिहितोय, हरल्यावर, पण मनापासून लिहितोय. पेनिक्स आणि ओडुन्झे एकाच कॉलेजचे, एक फेकणारा, एक झेलणारा. आठवा आणि नववा. दहा मिनिटांत दोघं दोन गावांचे झाले.

पहिल्या चौदा निवडींत बचावाचा एकही खेळाडू नाही. असं आजवर कधी घडलं नव्हतं. टर्नर थेट सतराव्यावर, तोही मिनेसोटाला, म्हणजे आमच्याच गटात. शेजारी काही न बोलता खुर्च्या घडी करू लागले. जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "झेल चांगले घेतो पोरगा."

२६ एप्रिल, शुक्रवार

आज दुसरी आणि तिसरी फेरी. दुसऱ्या फेरीत आम्ही नाहीच. ती निवड गेल्या ऑक्टोबरात मॉन्टेझ स्वेटसाठी वॉशिंग्टनला दिली होती. ७५व्या नंबरची वाट पाहत बसलो. मुलगा दमून घरी गेला होता, नात आमच्याकडं राहिली.

नाव वाचलं तेव्हा ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. "किरण म्हणाले का?"

किरण अमेगाजी. येल विद्यापीठाचा. टॅकल.

मी दोनदा ऐकलं. टॅकल. येलसारख्या कॉलेजातून फुटबॉलपटू क्वचितच इतका वर निवडला जातो, त्यात मांडीच्या दुखापतीनं त्याचा शेवटचा मोसम चार सामन्यांतच संपलेला. आणि पोरगा हिन्सडेल सेंट्रल हायस्कूलचा. हिन्सडेल! आमच्या डाउनर्स ग्रोव्हपासून गाडीनं पंधरा मिनिटं. शहरात जाणारी आमची लोकल त्याच्या गावातून जाते.

नातीनं विचारलं, "आजोबा, हा भिंतीतला आहे ना? मग हा विल्यम्सला पडू देणार नाही?"

"प्रयत्न करेल. लगेच नाही, दुखापत आहे. वेळ द्यावा लागेल."

"देतील?"

"आपण तरी देऊ."

तिनं मान हलवली. मग आत जाऊन जर्सी धुवायला टाकली. गेले सोळा दिवस ती धुवायला काढू देत नव्हती. हिला सांगितलं, "गरम पाण्यात नको, नंबर निघेल."

२७ एप्रिल, शनिवार

१२२व्या नंबरवर टोरी टेलर, आयोवाचा पंटर, मूळचा मेलबर्नचा. चौथ्या फेरीत पंटर घेणं पुष्कळांना रुचलं नाही. मला रुचलं. चेंडू लांब आणि उंच मारणारा माणूस तळ्यावरच्या वाऱ्यात काय करतो ते नोव्हेंबरात पाहावं. मग पुढच्या वर्षीची चौथी फेरी बफेलोला देऊन १४४वा नंबर मिळवला आणि कॅन्ससचा ऑस्टिन बुकर घेतला. हा क्वार्टरबॅकवर धावून जाणारा. शेजाऱ्यांना हवा तसा गडी अखेर मिळाला. त्यांनी कुंपणावरून ओरडून १९८३ची आठवण दिली: आठव्या फेरीत २०३व्या नंबरवर घेतलेला रिचर्ड डेंट पुढं सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

डबा उघडला. मुलगा जिंकला. बक्षीस काही नसतं, पुढच्या वर्षीची भजी हरलेल्यांनी करायची.

२८ एप्रिल, रविवार

सकाळी धाकट्याचा फोन. त्याला सगळं सांगितलं. विल्यम्स, ओडुन्झे, पंटर, बुकर. तो ऐकत होता, मधे मधे हं म्हणत होता.

"पहिल्या नंबराचं पोरगं कुठलं?"

"वॉशिंग्टन शहराचं. कॉलेज कॅलिफोर्नियात."

"आणि तो झेलणारा?"

"तो पश्चिमेकडचा. नेवाडात वाढला, कॉलेज वॉशिंग्टन राज्यात."

"म्हणजे पेठेतलं कोणीच नाही?"

"एक आहे. तिसऱ्या फेरीतला. किरण. इथंच पलीकडं हिन्सडेलला वाढलाय, पंधरा मिनिटांवर."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो उठून उभा राहिला असावा.

"किरण? अरे मग तो आपला. त्याचा नंबर कळला की कळव, इथं पोरांना सांगतो."